लैंगिक गोष्टींची लाज आणि सत्तेपुढे मान खाली घालणं, याचा खरंच काही संबंध असतो का?

असतो, आणि माझ्या मते फार जवळचा असतो. आपल्याकडे माणूस पोलिसाच्या काठीला घाबरतो त्यापेक्षा "घरी कळेल" याला जास्त घाबरतो आणि हे समोरच्याला पक्कं माहिती असतं.

२०१५ चं मढ-आक्साचं प्रकरण आठवतं का? ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी तिथल्या हॉटेलांवर छापे टाकले, चाळीसेक जोडप्यांना खोल्यांमधून काढून पोलीस स्टेशनला नेलं. सज्ञान माणसं, स्वतःच्या मर्जीने आलेली. लावलं काय तर बॉम्बे पोलीस ॲक्टचं (आताचा महाराष्ट्र पोलीस ॲक्ट) कलम ११०, जे सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वागण्याबद्दल आहे. आता आतून कडी लावलेली खोली सार्वजनिक ठिकाण कशी होते सांगा. काहींच्या घरी फोन गेले, बाराशे रुपये दंड भरून लोक निघून गेले. नंतर बातम्या आल्या, आरडाओरडा झाला तेव्हा आयुक्तांनी चौकशी लावली, पण त्या दिवशी कायद्याला काही कामच नव्हतं, सगळं काम लाजेनेच केलं.

माझा एक मित्र आहे, ट्रॅफिकवाल्याशी अर्धा तास वाद घालेल पण पावतीशिवाय रुपया देणार नाही. तोच मैत्रिणीबरोबर टेकडीवर बसला होता तेव्हा हवालदार येऊन एवढंच म्हणाला, "वडलांचा नंबर सांग". ह्याने पाकिटात होतं तेवढं सगळं काढून दिलं, पावती वगैरे विषयच नाही. तक्रार तर लांबच, कारण तक्रार करायची म्हणजे आधी आपण तिथे काय करत होतो ते सांगावं लागणार. मला यातली खरी गोम ही वाटते, अन्याय झालेला माणूसच तो लपवायला मदत करतो आणि मग दहा जणांबरोबर तेच झालं तरी दहाही जण एकेकटे राहतात.

दुसरी बाजू याहून वाईट आहे. लाज वाटणारा समाज स्वतः होऊन सत्तेला घरात बोलावतो. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढायचे, संततिनियमन, लैंगिक आरोग्य सगळं उघड मराठीत. १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो पुण्यातल्या सनातनी मंडळींच्या तक्रारीवरून. म्हणजे राज्य इंग्रजांचं, काळ सविनय कायदेभंगाचा, आणि आपलेच लोक आपल्याच माणसाला शिक्षा करा म्हणून त्याच इंग्रजांच्या कोर्टात! १९३४ मध्ये परत खटला, यावेळी वाचकांच्या खाजगी प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून. वकील होते डॉ. आंबेडकर. तरी दोनशे रुपये दंड झालाच. आणि २००७ ला विधिमंडळात गोंधळ होऊन शाळांमधलं लैंगिक शिक्षण थांबलं तेव्हा त्या थांबवण्याच्या विरोधात किती पालक बोलले? मनातून पटलं नसेल अशांनाही तो विषय चारचौघात काढायची लाज वाटली असणार.

सगळी सत्ता फक्त लाजेवर चालते असं मी म्हणत नाहीये, पैसा, जात, नोकरी हे आहेच. पण लाजेला खर्च नाही लागत, लहानपणापासून घरोघरी फुकट तयार होते.

तुम्ही स्वतःसाठी विचारत असाल तर, कोणी अडवलंच तर कुठलं कलम ते विचारा, नाव आणि बक्कल नंबर बघून ठेवा, दंड म्हणाले तर पावती मागा. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायला अगदी अपवादात्मक कारण लागतं, वर मॅजिस्ट्रेटची परवानगी, आणि ते काम महिला अधिकाऱ्यानेच करायचं, हे दोघांनाही माहिती हवं. आणि जमत असेल तर घरी आपणहून सांगून टाका, मग त्या फोनच्या धमकीत दमच राहत नाही. फक्त जात किंवा धर्म वेगळा असेल आणि घरून जिवाला धोका असेल तर हे करू नका, तिथे आधी ओळखीचा वकील गाठा.