साय-फाय, ॲक्शन की हॉरर? अधूनमधून सिनेमा बघणाऱ्याचं उत्तर

वर्षाकाठी चार-पाचच सिनेमे बघणाऱ्या साध्या प्रेक्षकाला साय-फाय, ॲक्शन आणि हॉरर यांतलं काय आवडतं आणि का, असा तुमचा प्रश्न आहे. मी अगदी तसाच प्रेक्षक आहे. कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, नोकरी शिफ्टची, त्यामुळे सिनेमा निवडूनच बघतो. मला तिन्ही प्रकार आवडतात, पण एका अटीवर. पडद्यावरच्या माणसांच्या हाताला काहीतरी काम हवं. ते काम मला पटलं की मग राक्षस, यंत्रमानव, भूत, काय आणाल ते मी मानायला तयार असतो.

हे माझ्या डोक्यात बसलं ते ‘ज्युरासिक पार्क’मुळे. मूळ सिनेमा १९९३चा, आपल्याकडे हिंदीत १९९४ साली आला, तेव्हा मी शाळेत होतो. सगळे जण त्यातल्या ग्लासातल्या पाण्याबद्दल बोलतात. टी-रेक्सचं पाऊल पडतं आणि पाण्यावर गोल लाटा उठतात. गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून, ती छेडून त्या लाटा काढल्या होत्या. सीन सुंदरच आहे. पण मला कायम लक्षात राहिला तो वीज परत चालू करायचा सीन. एली ही शास्त्रज्ञ बाई तळघरातल्या शेडमध्ये उतरते, ब्रेकरचा हॅंडल वरखाली मारून तो चार्ज करते, मग बटण दाबते आणि त्यानंतर पार्कचे एकेक विभाग चालू करत जाते. इकडे टिम नावाचा पोरगा त्याच बंद पडलेल्या कुंपणावर चढलेला असतो, आणि कुंपणावर पाटी असते १०,००० व्होल्टची.

आयटीआय करून नोकरीला लागल्यावर मी पहिल्यांदा एसीबीचा, म्हणजे मोठ्या एअर सर्किट ब्रेकरचा, हॅंडल मारून स्प्रिंग चार्ज केली, तेव्हा तो सीन जसाच्या तसा आठवला. लाइन चार्ज करण्याआधी, म्हणजे तिच्यात वीज सोडण्याआधी, लाइनवर कुणी आहे का, हे विचारायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम. तिथे विचारणार कुणाला? तिला कुंपण दिसत नाही, पोराला ती दिसत नाही. त्या दोन मिनिटांत पडद्यावर एकही डायनासोर नसतो आणि तरी जीव वर येतो. दोन तासांहून मोठ्या त्या सिनेमात डायनासोर जेमतेम पंधरा मिनिटं दिसतात, हे मी नंतर वाचलं. आश्चर्य वाटलं नाही.

साय-फाय आणि हॉरर एकाच पातेल्यात शिजवलेला सिनेमा हवा असेल तर ‘एलियन’ बघा, १९७९चा, रिडली स्कॉटचा. आमच्या प्लांटमधल्या कुणालाही मी आधी हाच सांगतो. अंतराळयान म्हटलं की चकचकीत पांढरं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. यातलं नोस्ट्रोमो नावाचं यान तसं नाही. ते खनिज ओढून नेणारं मालवाहू जहाज आहे आणि त्यावरची सात माणसं नोकरीवर आहेत. इंजिनकडचे दोघे, पार्कर आणि ब्रेट, झोपेतून उठल्या उठल्या बोनसचा विषय काढतात. आमचा वाटा कमी का, म्हणून. आमच्या कॅन्टीनमध्ये दिवाळीच्या आधी हेच बोलणं चालतं. परक्या ग्रहावर उतरायला लागतं तेही हौस म्हणून नाही, करारात तसं कलम आहे म्हणून. नाही गेलात तर पैसे बुडाले.

मग ब्रेट हरवलेलं मांजर शोधायला एका उंच दालनात जातो. वरून साखळ्या लोंबतायत, एकमेकींवर हलकेच वाजतायत, पाणी टपटपतंय. दिवसभर घामात राबलेला माणूस तो, क्षणभर थांबतो आणि ते पाणी तोंडावर घेतो. ते करताना त्याला किती बरं वाटतंय हे आपल्याला दिसतं. आणि त्याच वेळी वरच्या अंधाराकडे आपलं लक्ष जातं. त्या प्राण्याची रचना गिगर या स्विस चित्रकाराची, आणि सूटच्या आत बोलाजी बदेजो नावाचा सात फुटांच्या आसपास उंचीचा तरुण होता. पण सीन उभा राहतो तो त्या साखळ्यांवर आणि पाण्यावर. रात्रपाळीचा प्लांट ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

ॲक्शनचं मी थोडक्यात सांगतो, कारण बहुतेक ॲक्शन मला सहन होत नाही. कोण कुठे उभा आहे तेच कळत नाही, सेकंदाला शॉट बदलतो, इमारती कोसळतात आणि कशालाच वजन नसतं. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५) याला मोठा अपवाद. नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या पळवून, खरी माणसं लवलवत्या खांबांवर झुलवून तो काढलाय. शॉट भराभर बदलतात, पण बघायची गोष्ट जवळजवळ प्रत्येक वेळी चौकटीच्या मधोमध ठेवलेली असते, म्हणून डोळा भरकटत नाही. मार्गारेट सिक्सेलला संकलनाचं ऑस्कर मिळालं ते योग्यच झालं. मला त्यात सगळ्यात काय आवडलं? मॅक्स ट्रक पळवून नेतो आणि तो थोड्या अंतरावर बंद पडतो. कुठली बटणं कुठल्या क्रमाने दाबायची हे फक्त तो ट्रक चालवणाऱ्या फ्युरिओसाला ठाऊक असतं. तिथून पुढे त्या दोघांना एकमेकांशिवाय गत्यंतर नाही. भाषण नाही, शपथा नाहीत, नुसता स्टार्टिंगचा सिक्वेन्स.

हॉररमध्ये मोठा आवाज काढून दचकवणं मला फसवणूक वाटते. कानाशी पत्र्याचा डबा वाजवला तरी माणूस दचकतो. ‘अ क्वाएट प्लेस’ने (२०१८) उलटं केलं. आवाजाच्या मागावर येणारे प्राणी, म्हणजे आवाज केला की मरण, आणि जिन्याच्या पायरीवर एक खिळा उभा. बाई कपड्यांचं पोतं ओढत वर नेते, पोतं अडकतं आणि तिच्याच ओढण्याने तो खिळा वर येतो. पुढे बराच वेळ मी फक्त त्या खिळ्याचाच विचार करत होतो. आमच्या थिएटरने (नाव नको) इंटरव्हल असा काही मध्येच टाकला की जमलेली शांतता दिवे लागताच मोडली. याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि ‘तुंबाड’. राही अनिल बर्वेंचा, तोही २०१८चाच. भाषा हिंदी, पण वाडा, पाऊस, माणसं सगळी आपली, आणि बीज नारायण धारपांच्या गोष्टीतून आलेलं. सिनेमाचा नायक विनायक लंगोट लावून दोरीने खाली उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली हस्तर या शापित, भुकेल्या देवापुढे टाकतो आणि तो खाण्यात गुंतला की मोहरा पाडून घेतो. हे त्याचं काम आहे. त्याची पद्धत आहे, वेळ आहे, धोका आहे, पुढे पोरालाही तो तेच शिकवतो. एकदा ती पद्धत आपल्याला पाठ झाली की हाव माणसाला किती खाली नेते हे सिनेमाला बोलून दाखवावं लागत नाही. पुन्हा थिएटरला लागला २०२४ मध्ये, तेव्हा रात्रपाळी बदलून घेऊन बायकोला नेलं.

सुरुवात करायची तर ‘एलियन’पासून करा, दिवे बंद करून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. मी तो पाहिल्याच्या आठवड्यात रात्री दोनला कंप्रेसर रूममध्ये फॉल्ट बघायला गेलो होतो. वर चेन पुली लोंबत होती आणि पाइपला सुटलेल्या पाण्याचा एक थेंब हेल्मेटवर पडला. आधी टॉर्च वर मारला, मग पॅनेल उघडलं.