‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा?

प्रश्न असा आहे: ‘सारखा, परी, सम, वाणी यांपैकी काही आलं की उपमा, जणू, गमे, वाटे, भासे आलं की उत्प्रेक्षा, यांतलं काहीच नसेल तर रूपक, असं आम्ही शाळेत पाठ केलं होतं. एवढ्यावर विसंबून कवितेतले अलंकार ओळखता येतील का?’

व्याकरणाच्या पुस्तकातल्या उदाहरणांपुरते येतील, कारण ती बहुधा या शब्दांवरूनच निवडलेली असतात. कवितेत मात्र हे सूत्र दगा देतं. खुणेच्या शब्दावरून संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

ही गल्लत जुनी आहे. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाच्या पहिल्या अंकात काळोखाचं वर्णन आहे: ‘लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः । असत्पुरुषसेवेव दृष्टिर्विफलतां गता ॥’ म्हणजे अंधार जणू अंगाला लेप देतो आहे, आकाश जणू काजळ बरसतं आहे आणि दुर्जनाच्या चाकरीसारखी नजर फुकट गेली आहे. संस्कृतात तिन्ही ठिकाणी शब्द एकच, ‘इव’. तरी पहिल्या दोन ठिकाणी उत्प्रेक्षा आहे आणि तिसऱ्या ठिकाणी उपमा. दंडी या जुन्या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यादर्श’ या ग्रंथात या श्लोकावर बरीच चर्चा केली आहे आणि केवळ ‘इव’ कानी पडला म्हणून इथे उपमा मानणाऱ्यांना भ्रम झाला आहे, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याचा मुद्दा आजही कामाला येतो: क्रियापद उपमान होऊ शकत नाही.

तो मुद्दा वापरायचा कसा ते पाहू. उपमेचे चार भाग असतात. ज्याचं वर्णन चाललं आहे ते उपमेय, ज्याच्याशी तुलना केली ते उपमान, दोघांत सारखा असलेला गुण किंवा क्रिया म्हणजे साधारणधर्म, आणि तुलना दाखवणारा साम्यवाचक शब्द. चारही असतील तर पूर्णोपमा, एखादा गळला तर लुप्तोपमा. वरच्या श्लोकाच्या दुसऱ्या ओळीत उपमेय नजर, उपमान दुर्जनाची चाकरी, साधारणधर्म फुकट जाणं आणि साम्यवाचक ‘इव’. चारही हाताला लागले. आता पहिल्या ओळीत उपमान शोधा. अंधार कोणासारखा? ‘लेप देणाऱ्या माणसासारखा’ हे आपण मनाने घालतो, श्लोकात तसा कोणी नाही. अंधाराचं पसरणं पाहून कवीने ‘हा लेप देतोय’ अशी कल्पना केली आहे. अशी कल्पना म्हणजेच उत्प्रेक्षा.

मराठीत यासाठी एक सोपी चाचणी आहे. ‘जणू’ काढा आणि ‘सारखा’ घालून वाक्य उभं राहतं का बघा. उभं राहिलं नाही, तर ती उपमा नव्हे. ‘सूर्य डोंगराआड गेला, जणू दिवसभर चालून थकला’ या वाक्यात ‘सारखा’ बसवायला जागाच नाही. इथे सूर्याची तुलना कोणाशी केलेली नाही, त्याच्या मावळण्याला एक कल्पित कारण दिलं आहे. शास्त्रात हिला हेतूत्प्रेक्षा म्हणतात. याच वाक्यातलं ‘जणू’ पूर्ण काढून ‘सूर्य थकून डोंगराआड गेला’ म्हटलं की अलंकार बदलला: निर्जीवावर माणसाचे भाव लादले, म्हणून चेतनगुणोक्ती.

चाचणी उलटीही लावा. तुकोबांचा ‘कन्या सासुऱ्यासी जाये । मागें परतोनी पाहे । तैसें झालें माझ्या जिवा’ घ्या. सासरी निघालेली मुलगी मागे वळून पाहते, हे कोणीही कधीही पाहिलेलं दृश्य आहे. कवीने ते रचलेलं नाही. जीव एकीकडे, मुलगी दुसरीकडे, आणि ‘तैसें’ मधला सांधा. म्हणून उपमा. इथे क्रियेचं साम्य आहे, पण ती क्रिया करणारी मुलगी ओळीत हजर आहे, त्यामुळे दंडीचा आक्षेप इथे लागू होत नाही. हा ‘तैसें’ नसता आणि दोन गोष्टी नुसत्या शेजारी ठेवल्या असत्या, तर दृष्टांत म्हणावं लागलं असतं. ‘लहानपण देगा देवा’मध्ये मुंगी आणि ऐरावत तसेच येतात, सांध्याशिवाय.

रूपकाची अडचण निराळी. तिथे साम्यवाचक शब्द नसतोच, पण तो नसला म्हणून रूपक ठरत नाही. ‘मुखचंद्र’ या समासाची फोड दोन तऱ्हांनी होते: चंद्रासारखं मुख (उपमा) किंवा मुख हाच चंद्र (रूपक). निकाल शेजारचं क्रियापद देतं. ‘मुखचंद्राचं चुंबन घेतलं’ म्हटलं तर चुंबन मुखाचंच घेता येतं, मुख प्रधान राहिलं, म्हणून उपमा. ‘मुखचंद्र उगवला’ म्हटलं तर उगवतो तो चंद्र, मुखाने आपलं वेगळेपण सोडलं, म्हणून रूपक. ‘भवसागर तरून जाणे’ यातही तरायचा तो सागर, म्हणून रूपकच. सामासिक शब्द आला की आधी क्रियापदाकडे पाहायची सवय लावा. निम्मे घोळ तिथेच मिटतात.

फरक अंगवळणी पाडायचा तर व्याख्या घोकण्यापेक्षा एकच जोडी घेऊन ती सगळ्या अलंकारांतून फिरवावी. ढग आणि हत्ती घेऊ.

‘हत्तीसारखा काळा ढग आला’ ही उपमा. ‘हा ढग म्हणजे जणू हत्तीच’ ही उत्प्रेक्षा. ‘ढगांचे हत्ती डोंगर तुडवत आले’ हे रूपक. ‘हा ढग नव्हे, हत्तीच हा’ ही अपन्हुती. उपमेयाचा निषेध केला की तीच. ‘ढग म्हणावा की हत्ती?’ इथे मन दोघांत हेलकावतं, म्हणून ससंदेह. ‘हत्ती आले समजून माहुताने अंकुश उचलला’ हा भ्रांतिमान. इथे शंका उरलेली नाही, गैरसमज पक्का झाला आहे आणि त्यावर कृतीही घडली आहे. ‘या ढगापुढे हत्तीही फिका’ हा व्यतिरेक, कारण उपमेय सरस ठरलं. नामदेवांचं ‘अमृताहूनि गोड’ याच जातीचं. ‘या ढगासारखा हाच ढग’ हा अनन्वय. मम्मट या काव्यशास्त्रकाराने उपमेची व्याख्या ‘साधर्म्यमुपमा भेदे’ अशी केली, त्यातला ‘भेदे’ महत्त्वाचा: दोन वस्तू वेगळ्या हव्यात. अनन्वयात दुसरी वस्तूच नाही.

खुणेचा शब्द आहे पण अलंकारच नाही, असंही पुष्कळदा होतं. ‘पोर सारखं रडतंय’मधला ‘सारखं’ सततपणा सांगतो. ‘मुलगा बापासारखा दिसतो’ यात तुलना आहे, पण ती नुसती माहिती झाली. ‘गवा गायीसारखा असतो’ हे न्यायशास्त्रातलं (म्हणजे जुन्या तर्कशास्त्रातलं) वाक्य काव्यशास्त्राने उपमालंकारातून बाहेर ठेवलं ते यासाठीच, त्यात चमत्कृती, म्हणजे मनाला सुखावणारा वेगळेपणा, नाही. ‘मला वाटतं, पाऊस येईल’ यातल्या ‘वाटतं’चं तसंच. आणि ‘काही घडलंच नाही जणू, अशा थाटात तो बसला’ हा रोजचा वाक्प्रचार झाला; त्यावर उत्प्रेक्षेचा शिक्का मारणं मला तरी ओढूनताणून वाटतं.

शब्दालंकार की अर्थालंकार, म्हणजे गंमत शब्दात आहे की अर्थात, असा मूळ घोळ असेल, तर शब्द बदलून पाहा. ‘मुखचंद्र’ऐवजी ‘वदनशशी’ म्हटलं तरी अलंकार टिकतो, म्हणजे तो अर्थाचा. अनुप्रास, यमक आणि शब्दाच्या दोन अर्थांवर चालणारा श्लेष प्रतिशब्द घालताच मोडतात. यमकाविषयी एवढंच: संस्कृत शास्त्रात तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने पुन्हा यावी लागतात, मराठीत मात्र ओळींच्या शेवटी जुळणाऱ्या उच्चारालाही यमकच म्हणतात. परीक्षेत दुसरा अर्थ धरावा.

एका ओळीत दोन अलंकार सापडले तर गडबडू नये. तीळ-तांदळासारखे सुटे निवडता येत असतील तर ती संसृष्टी, दूध-पाण्यासारखे मिसळले असतील तर संकर. मृच्छकटिकाचा वरचा श्लोक संसृष्टीचा. उत्तर लिहिताना आधी उपमेय आणि उपमान नावानिशी मांडा, मग अलंकाराचं नाव द्या. ती दोन नावं लिहिता येत नसतील आणि उत्प्रेक्षेतली कल्पनाही दिसत नसेल, तर साम्यावर आधारलेल्या अलंकारांच्या यादीतून बाहेर पडून दुसरीकडे शोधायला हवं.