‘कार्यप्रणाली’ की ‘परिचालन प्रणाली’?

‘ऑपरेटिंग सिस्टिम’साठी मराठीत ‘कार्यप्रणाली’ म्हणावे की ‘परिचालन प्रणाली’, आणि ही प्रणाली नेमके कशाचे परिचालन करते, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझा कौल ‘परिचालन प्रणाली’ला आहे.

‘कार्यप्रणाली’ या शब्दाला मराठीत आधीच एक रुळलेला अर्थ आहे: काम करण्याची पद्धत. आपण न्यायालयाची कार्यप्रणाली म्हणतो, समितीची कार्यप्रणाली म्हणतो. त्यामुळे ‘या संगणकाची कार्यप्रणाली सांगा’ या वाक्यातून संगणक कसा चालतो हे विचारले आहे, की त्यावर विंडोज आहे की लिनक्स हे विचारले आहे, ते कळत नाही. पारिभाषिक शब्दाने एवढी संदिग्धता ठेवू नये.

मूळ संज्ञेतले ‘ऑपरेट’ म्हणजे ‘काम करणे’ नव्हे, तर यंत्र ‘चालवणे’, हे इतिहासातूनही दिसते. सुरुवातीच्या संगणकांपाशी ऑपरेटर म्हणून माणूस बसत असे. एक आज्ञावली (प्रोग्रॅम) संपली की पुढच्या आज्ञावलीची छिद्रांकित कार्डे किंवा चुंबकीय फीत तो लावत असे, आणि तोवर ते महागडे यंत्र रिकामे राहत असे. १९५६मध्ये जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी अशी व्यवस्था तयार केली, की एक काम संपताच पुढचे आपोआप सुरू व्हावे. ऑपरेटरच्या कामाचा एक भाग अशा रीतीने आज्ञावलीकडे गेला. ‘परिचालन’ या शब्दात ‘चल्’ धातूचे प्रयोजक रूप असल्यामुळे चालवण्याचा हा अर्थ त्यात अचूक उतरतो.

आता ही प्रणाली काय करते ते पाहू. समजा, दोन आज्ञावल्यांना एकाच वेळी डिस्कवर मजकूर साठवायचा आहे. डिस्कवरची कोणती जागा मोकळी आहे हे दोघींनाही ठाऊक नसते, आणि दोघींनी थेट लिहिले तर एकीचा मजकूर दुसरीच्या मजकुरावर चढेल. म्हणून त्या परिचालन प्रणालीकडे विनंती करतात. ती जागा ठरवते, नोंद ठेवते आणि फाइलच्या नावावरून ती जागा पुन्हा शोधून देते. संगणकाच्या स्मृतीची (मेमरीची) वाटणीही तीच करते. प्रोसेसरचा वेळ ती काही मिलिसेकंदांच्या तुकड्यांत आळीपाळीने वाटत असल्यामुळे अनेक कामे एकदमच चालल्यासारखी वाटतात. वाटप, राखण आणि मध्यस्थी या तिन्ही गोष्टी तिच्याकडेच असतात.

‘प्रणाली’ हा उत्तरार्ध मला विशेष आवडतो. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ पाण्याचा पाट किंवा नाली असा आहे. छपरावरचे पाणी वाहून नेणारी आपली ‘पन्हळ’ त्याच कुळातली. विनंत्यांना ठरलेल्या वाटेने नेणाऱ्या व्यवस्थेला हा शब्द शोभतो.

बोलताना ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणण्यास माझी हरकत नाही. मराठीत तीही स्त्रीलिंगीच असल्याने वाक्यरचना बदलावी लागत नाही. मात्र लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१मध्ये सुरू केलेला लिनक्स हा काटेकोरपणे पाहता संपूर्ण परिचालन प्रणाली नसून तिचा ‘कर्नल’, म्हणजे वाटप आणि मध्यस्थी करणारा मध्यवर्ती भाग, आहे, आणि ‘कर्नल’साठी ‘गाभा’ हा सोपा मराठी शब्द आपल्याकडे आहे, तो लेखनात नि:शंकपणे वापरावा.