रॉबर्टचा बॉब आणि मार्गारेटची पेगी कशी झाली?

तुमचा प्रश्न असा की विल्यमला लाडाने बिल, रिचर्डला डिक आणि मार्गारेटला पेगी का म्हणतात, अक्षरं तर जुळत नाहीत. यात काही पद्धत आहे की उगाच आपलं काहीतरी?

पद्धत आहे. फक्त ती सात-आठशे वर्षं जुनी आहे आणि मधली पायरी गळून पडल्यामुळे आपल्याला दिसत नाही.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत जुनी इंग्रजी नावं मागे पडली आणि नव्या मालकांची नावं शेतकऱ्यांच्या घरांपर्यंत पोचली. तीही मोजकीच: जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, थॉमस. आडनावं तेव्हा धड स्थिरावलेली नव्हती. गावात रॉबर्ट म्हणून हाक मारली की चार जण ओ देणार! मग एक झाला रॉब, दुसरा हॉब, तिसरा डॉब. आधी नाव छाटायचं, मग यमक साधून पहिलं अक्षर बदलायचं. आपण ‘चहाबिहा’ म्हणतो ना, तसलीच ही कानाची हौस. रिचर्ड, रिक, त्यावरून हिक आणि डिक. विल्यम, विल, बिल. मार्गारेट, मेग, पेग आणि मग पेगी. रॉजरचा तर हॉज झाला. रॉबवरून याच यमकाने झालेला बॉब आणि विलवरून झालेला बिल हे बरेच नंतरचे. हॉब आणि डिक जुने.

ही अगदी सामान्य माणसांची नावं होती. १३८१ साली इंग्लंडात शेतकऱ्यांचं बंड झालं, त्याचा पुढारी वॉल्टर टायलर, पण इतिहास त्याला वॅट टायलर म्हणूनच ओळखतो. (वॉल्टरमधला ‘ल’ तेव्हा उच्चारत नसत, म्हणून वॅट.) त्या बंडावर जॉन गॉवर या जमीनदार कवीने लॅटिनमध्ये लिहिलं, तेव्हा बंडखोरांची यादी त्याने वॅट, टॉम, सिम, हिक, हॉब, जॅक अशीच दिली. हेतू अर्थातच हिणवण्याचा. आज आपल्याला मात्र तो आयता पुरावा मिळाला.

स्त्रियांच्या नावांत आणखी एक खोड दिसते: ‘र’चा ‘ल’ होतो. साराची सॅली, डॉरथीची डॉली, मेरीची मॉली. मॉलीवरून पुन्हा यमक जुळवून पॉली. म्हणजे मेरी आणि पॉली यांच्यात एकही व्यंजन सारखं उरलं नाही, तरी नातं सरळ आहे.

एडवर्डचा नेड कसा, हे मला सगळ्यात आवडतं. जुन्या इंग्रजीत स्वरापूर्वी ‘माय’ऐवजी ‘माइन’ म्हणत. ‘माइन एड’, म्हणजे माझा एड. ऐकणाऱ्याने ते ‘माय नेड’ असं तोडलं आणि ‘न’ नावाला चिकटून बसला. ॲनची नॅन आणि एलेनची नेल अशीच झाली. गंमत म्हणजे ‘निकनेम’ हा शब्दही अशाच अपघातातून आलाय, ‘ॲन ईकनेम’ चुकीचं तोडून. मूळ शब्द ‘ईकनेम’, जोडनाव अशा अर्थाचा.

जॅक हा फ्रेंच ‘झाक’वरून आला असं पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगतात. वाटतंही तसंच. पण अभ्यासक साधारणपणे दुसरी वाट दाखवतात: जॉन म्हणजे जान, त्याला लाडाचा ‘किन’ प्रत्यय लागून जँकिन, मग जॅकिन, मग जॅक. जॉन केनेडींना घरचे जॅक म्हणत ते याच परंपरेने.

क्रिकेट बघत असाल तर हा सगळा खजिना आडनावांत सापडेल. इंग्लंडचे थोर सलामीवीर जॅक हॉब्ज यांचं कागदोपत्री नाव जॉन बेरी हॉब्ज. जॅक म्हणजे जॉन, आणि हॉब्ज म्हणजे कुण्या पूर्वज हॉबचे, अर्थात रॉबर्टचे. बॉब विलिसमध्येही रॉबर्ट आणि विल दोघे बसलेत. डिक्सन, हिक्स, डिकन्स, हिचकॉक हे सगळे रिचर्डचे वंशज. हॉजकिन रॉजरचा, वॉटसन वॉल्टरचा. पंच डिकी बर्ड मात्र या यादीत घालू नका. त्यांचं नाव हॅरल्ड. इंग्रजीत चिमणीपाखराला लाडाने ‘डिकी बर्ड’ म्हणतात आणि आडनाव बर्ड, तेव्हा दुसरं काय होणार?

परदेशी ऑफिसात काम करत असाल तर एवढं ध्यानात ठेवा: ईमेलच्या पत्त्यात विल्यम असेल आणि खाली सही बिल असेल, तर त्यांना बिलच म्हणा. उलट विल्यम अशी सही करणाऱ्याला आपणहून बिल करू नका. रिचर्डला डिक तर चुकूनही नको. त्या शब्दाला आता अश्लील अर्थ चिकटलाय, म्हणून तरुण रिचर्ड रिक किंवा रिच म्हणवून घेतात. आणि जॅक भेटला म्हणून त्याला जॉन समजू नका. आता इंग्लंडात जन्मदाखल्यावरच थेट जॅक लिहितात.