अमेरिकेत हरणाची शिकार आणि लक्ष्यावरची नेमबाजी, दोन्हींसाठी चांगलं पण दुर्लक्षित काडतूस कोणतं?

माझ्या मते ६ मिमी रेमिंग्टन. ते मागे पडलं ते काडतुसाच्या दोषामुळे नव्हे, बंदुकीच्या नळीच्या आट्यांमुळे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या पिळदार खाचांमुळे. १९५५ मध्ये ते .२४४ रेमिंग्टन या नावाने आलं, त्याच वर्षी .२४३ विंचेस्टरही आलं. रेमिंग्टन कंपनीने नळीचे आटे १२ इंचांत एक फेरा असे ठेवले, म्हणजे फिरकी कमी; जड, लांब गोळीला जास्त फिरकी लागते. लहान प्राण्यांसाठीच्या हलक्या गोळ्यांना ते छान, पण हरणासाठी लोकांना हवी असलेली १०० ग्रेनची (सुमारे साडेसहा ग्रॅमची) गोळी त्यात नीट स्थिरावेलच याची खात्री नव्हती. विंचेस्टरचा फेरा १० इंचांचा, त्यामुळे गिऱ्हाईक तिकडे वळलं. १९६३ मध्ये रेमिंग्टनने नाव बदलून ६ मिमी रेमिंग्टन केलं आणि ९ इंचांचा फेरा दिला, तोवर उशीर झाला होता. खरं तर याची पुंगळी (दारू भरायचं धातूचं कवच) .२४३ पेक्षा थोडी मोठी, गोळी धरणारी पुंगळीची मान लांब, दारू जास्त मावते, त्यामुळे वेगही किंचित जास्त. घरी काडतुसं भरणाऱ्यांना ही लांब मान फार आवडते, आणि ते योग्यच आहे.

एक अट मात्र आहे: तयार काडतुसं दुकानात सहज मिळत नाहीत. स्वतः भरणार नसाल तर .२४३ च घ्या. आणि जुनी .२४४ ची रायफल विकत घेताना आट्यांचा फेरा आधी मोजून बघा.