वाचकांचे प्रश्न : पिंजरे टाकण्याआधी

प्रश्न : आमच्या मनोरीतील मच्छीमार संस्थेचे काही तरुण सभासद खाडीच्या तोंडाशी जिताडा मासा पाळण्यासाठी चार पिंजरे टाकू पाहत आहेत. नोंदणी झाली की पुढे काही अडचण येत नाही, असे एका सल्लागाराने त्यांना सांगितले आहे. डोल जाळी लावणारी जुनी मंडळी मात्र नाराज आहेत. जागा नेमकी कशी ठरवावी? – एक वाचक, मनोरी

उत्तर : सल्लागाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. २००५ च्या किनारी मत्स्यशेती प्राधिकरण कायद्याच्या कक्षेत २०२३ च्या दुरुस्तीने पिंजऱ्यातील मत्स्यपालन, समुद्री शेवाळ आणि शिंपले-पालन स्पष्टपणे आणले गेले. तेव्हा नोंदणी हवीच. परंतु नोंदणी झाली म्हणून ती जागा माशाला मानवेलच असे नाही. शिवाय खाद्य ठेवण्याची खोली किंवा होडी लावण्याचा धक्का कांदळवनात वा त्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात येत असेल, तर तेथे बांधकामास मनाई करणाऱ्या उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालापुढे प्राधिकरणाच्या कागदाचा उपयोग होणार नाही.

खरी परीक्षा पाण्याची आहे. पिंजऱ्यातून पडणारे उरलेले खाद्य आणि विष्ठा वाहून नेण्याइतका प्रवाह नसेल, तर ती तळाशी साचते, कुजताना प्राणवायू खाते आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू सोडते. उधाणाच्या दिवशी आपल्या खाडीत पाणी इतके वेगाने धावते की कोणतीही जागा उत्तम वाटते. म्हणून मोजमाप भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा), पाणी थांबते त्या वेळी आणि शक्यतो पहाटे घ्यावे, कारण प्राणवायू तेव्हाच सर्वांत कमी असतो. ओहोटीलाही पिंजऱ्याच्या तळाखाली काही मीटर पाणी राहिले पाहिजे. जिताडा खाऱ्या पाण्याप्रमाणे गोड्या पाण्यातही तगतो, त्यामुळे पावसाळ्यातील घटलेल्या क्षारतेपेक्षा लाटा आणि शहरातून वाहत येणारा कचरा यांची चिंता अधिक करावी. पुढे कालवे (खाण्याचे शिंपले) वाढवण्याचा विचार असेल, तर तो मुंबईच्या सांडपाण्यापासून दूरच करावा. कालव पाणी गाळून खाते आणि त्या पाण्यातील जंतू व जड धातू स्वतःत साठवते.

जुन्या मंडळींच्या नाराजीकडे भावनेचा प्रश्न म्हणून पाहू नये. डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहावरच भरते, म्हणजे पिंजऱ्याला हवा असलेला प्रवाह नेमका त्यांनाही हवा असतो. शिवाय नांगराचे दोर होड्यांच्या वाटेत आले की तंटा ठरलेलाच. कोणाची जाळी कोणत्या महिन्यात कोठे लागतात आणि होड्या कोठून जातात, हे त्यांच्याकडूनच नकाशावर मांडून घ्यावे आणि उरलेल्या पाण्यात जागा शोधावी. माझ्या मते, हा नकाशा अर्जाच्या आधी तयार व्हावा. जागा उरलीच नाही, तर ते पैसे गुंतवण्यापूर्वी कळलेले बरे.

मोजमापासाठी वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत विचारणा करता येईल. चारऐवजी दोन पिंजऱ्यांनी सुरुवात करावी. मात्र पिंजरे पाण्यात जाण्यापूर्वीच तेथील गाळाचा आणि प्रवाहाबाहेरच्या एखाद्या दूरच्या जागेतील गाळाचा नमुना तपासून ठेवावा. वर्षभराने तळ काळा पडलेला दिसला, तर तो पिंजऱ्यामुळे की शहराच्या सांडपाण्यामुळे, हे त्या दोन नमुन्यांशी ताडूनच सांगता येईल.