स्लो कुकरमधली बटाट्याची भाजी

पहिल्यांदाच करत असाल तर अर्धा किलो बटाट्यांच्या साधारण एक इंचाच्या सारख्या फोडी करून स्लो कुकरच्या (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याच्या) तळाशी पसराव्यात. वाफ आतच राहत असल्याने अर्धी वाटी पाणी पुरते. मोहरी, हिंग आणि कढीपत्त्याची फोडणी वेगळी करून वर ओतावी, कारण या भांड्यात तेल मोहरी तडतडण्याइतके तापत नाही. ‘हाय’वर, म्हणजे कुकरच्या जास्त आचेच्या सेटिंगवर, 3 ते 4 तास लागतात. कोकणात आपला हात आपसूक आमसुलांकडे जातो, परंतु आंबटपणामुळे बटाट्यातले पेक्टिन (पेशींना एकत्र धरून ठेवणारा घटक) सहज विरघळत नाही आणि फोडी तासन्‌तास दडस राहतात, म्हणून त्या पूर्ण शिजल्यावरच आमसुले घालावीत. नारळाचे दाट दूध मात्र अगदी शेवटी, नाहीतर ते फुटते. मध्ये झाकण कृपया उघडू नका.